उंच पोरांसाठी बनवलेली कॉट

गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी लातूरला, कॉलेजच्या मैदानावर, तुमचं निधन झालं. मुलींच्या बास्केटबॉल संघाचा सराव सुरू होता. तुम्ही कडेच्या खुर्चीवर बसला होता. सराव संपला तेव्हा उठला नाहीत.

नांदेडला आमच्या वर्तमानपत्रात बातमी मीच लिहिली. वय, नोकरीची वर्षं, मागं कोण आहे, हे सगळं तीत आलं आहे. इथं पुन्हा देत नाही. डेस्कवर आलेल्या मजकुरात 'अल्पशा आजाराने' होतं. आजार नव्हता, म्हणून ते काढलं. 'शांतपणे' होतं, तेही काढलं. तुमच्या जुन्या खेळाडू सुनीता मॅडम, ज्या आता तुमच्या जागी संघ बघतात, त्या तिथंच होत्या. त्यांनी सांगितलं की शेवटचं वाक्य तुम्ही ओरडून म्हणालात: "अगं, वर बघ की! खाली काय पडलंय का तुझं?" हे बातमीत घेता आलं नाही.

सर, आपला वाद अर्धा राहिला आहे. कॉलेजच्या संघासाठी खेळाडू निवडताना आधी कुणाला शोधायचं? बास्केटखाली उभा राहणाऱ्या उंच सेंटरला, की चेंडू पुढं आणून नेमक्या हातात देणाऱ्या गार्डला? तुम्ही सेंटरच्या बाजूचे, मी गार्डच्या. मी तुमच्या संघात होतो तेव्हापासून तुम्ही जाण्याआधीच्या रविवारपर्यंत आपण यावर भांडलो. माणूस गेला की त्याच्याशी चाललेलं भांडण सोडून द्यावं, अशी रीत आहे. मी सोडत नाही.

तुम्ही उदगीरकडचे, घरात कन्नड. उंचीला तुम्ही कायम 'एत्तर' म्हणायचा. "ड्रिबल शिकवता येतंय, पास शिकवता येतोय. एत्तर कोन शिकवतो? एत्तर घरून घेऊन यावं लागतंय." हे तुमचं मुख्य म्हणणं आणि त्यात मला कधी चूक काढता आली नाही. मी एवढंच म्हणायचो की उंच पोराला चेंडू कुणीतरी नेऊन द्यावा लागतो. तुम्ही म्हणायचा, "ते काम तर पोस्टमनबी करतंय."

खेळाडूंना तुम्ही नावानं हाक मारली नाहीत. गावाच्या नावानं मारायचा. मैदानावर किल्लारी पळायची, औसा पडायचा, अहमदपूर फाउल करायचा. मी अर्धापूर. वर्तमानपत्रात लागलो, नांदेडला घर केलं, तरी अर्धापूरच राहिलो.

तुमच्या शोधण्याच्या पद्धती कुठल्या पुस्तकात नव्हत्या. लातुरात उंच पोरासाठी दुसऱ्या कॉलेजशी भांडावं लागत नाही, क्लासशी भांडावं लागतं. दहावी झाली की पोरगं डॉक्टरकीच्या क्लासला जातं आणि मैदानावरून कायमचं उठतं. म्हणून तुम्ही क्लासच्या आधी गावात पोचायचा. किल्लारी तुम्हाला सगळ्यात सोपं होतं. भूकंपानंतर बांधलेल्या घरांच्या चौकटी तिथं एकसारख्या. दारात उभं राहिलेलं माणूस चौकटीला कुठं लागतं, एवढं बघितलं की तुम्हाला टेप काढावी लागत नसे. जीपमधून गल्लीतून हळू जायचं आणि दारांकडं बघत राहायचं. पोलिसांनी एकदा अडवून विचारलं होतं, काय बघून राहिले म्हणून. तुम्ही म्हणालात, "चौकटी."

जिथं चौकटींचा भरवसा नाही, तिथं चपला. पोरगं अजून वाढायचं असेल तर ते किती वाढेल हे बापाच्या चपलेवरून कळतं, असा तुमचा सिद्धांत होता. उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला बघायच्या आणि परत फिरायचं. घरात जायचं नाही. चहाला बसलं की आई-बाप क्लासचा विषय काढतात, हे तुमचं कारण.

याच पद्धतीनं तुम्ही मला निवडलंत.

आमच्या अर्धापूरच्या घरासमोर तुम्ही भर दुपारी आलात. उंबऱ्याबाहेर एक जोड होता, लांबरुंद, तुमच्या भाषेत होडीसारखा. घरात सगळे जेवत होते. तुम्ही जोड बघितला, मग शाळेत येऊन मला बघितलं. मी तेव्हा वर्गात पुढच्या बाकावर बसायचो. तुम्ही शाळेतल्या सरांना म्हणालात, "आज बारकं हाय. दोन वर्षांनी बघा." आणि लातूरला जाऊन, मी पोचायच्या आधी, वेल्डरकडून एक लांब कॉट बनवून घेतलीत. उंच पोरांचे पाय वसतिगृहाच्या कॉटबाहेर लोंबतात, रात्री जाणाऱ्या-येणाऱ्याला लागतात, म्हणून संघासाठी अशी कॉट असावी हे तुमच्या मनात होतंच. ती माझ्यासाठी झाली.

दिवाळीत वडील मला न्यायला आले. ते अर्धापूरच्या शाळेत शिक्षक, अंगानं माझ्याएवढेच. वसतिगृहाच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. तुम्ही आधी चपलांकडं बघितलंत, मग त्यांच्याकडं, मग परत चपलांकडं.

"गुरुजी, पायाला काय झालं?"

"काही नाही. का?"

"न्हाई, लहान झाले जरा."

वडिलांना काही कळेना. तुम्ही तारीख सांगितलीत, दुपार सांगितलीत, जोडाचं वर्णन केलंत. वडिलांनी आठवून सांगितलं की त्या दिवशी नांदेडचे केळीचे व्यापारी जेवायला होते. दारातून वाकून यावं लागतं त्यांना. तुम्ही पायरीवर बसलात. "म्हंजी मी व्यापाऱ्याला घेऊन आलो," म्हणालात. मग मोठ्यानं हसलात आणि वडीलही हसले. मी दोघांच्या मध्ये बॅग घेऊन उभा होतो.

कार्यालयातून सुचवलं गेलं की पोरगं परत पाठवा, जागा रिकामी होईल. तुम्ही उत्तर दिलंत, "कॉट बनलीय आता." यापेक्षा मोठं कारण तुम्ही कधीच दिलं नाहीत. त्या कॉटवर मी कॉलेजची सगळी वर्षं झोपलो. माझ्या पायांच्या पुढं जागा उरायची. तिथं मी बॅग ठेवायचो.

व्यापाऱ्याच्या चपला आहेत हे माहीत असतं, तर तुम्ही मला घेतलं असतं का, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही कधी सांगितलं नाहीत. आता लोक सांगतील की घेतलं असतं, सरांना गुणांची पारख होती. मी लिहून ठेवतो: घेतलं नसतं. शाळेच्या दारातूनच परत फिरला असता. हे लिहिताना मला तुमचा राग नाही. चुकून घेतलेल्या पोराला तुम्ही गार्ड केलंत. सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर बोलवून, डोळ्यावर रुमाल बांधून ड्रिबल करायला लावलंत. एत्तर नव्हतं तर जे शिकवता येत होतं ते सगळं शिकवलंत. हे उपकार आहेत आणि तुमच्याविरुद्धचा पुरावाही आहे. दोन्ही मी ठेवून घेतो.

औरंगाबादची ती फायनल आपण किती वेळा परत खेळलो. शेवटचा चेंडू मी दोघांच्या मधून जमिनीला टप्पा देऊन आत दिला आणि अहमदपूरच्या उंच बालाजीनं तो वर टाकला. तुम्ही धावत आलात आणि बालाजीला मिठी मारलीत. मी शेजारी उभा होतो. परतीच्या जीपमध्ये मी विचारलं, "आणि माझं काय?" तुम्ही म्हणालात, "तुझा पास खाली होता, त्यानं वाकून घेतला. एवढ्या उंच पोराला वाकायला लावतंस, लाज न्हाई वाटत?" पुढं जीप चहाला थांबली, तेव्हा माझा कप तुम्ही स्वतः आणून दिलात. कुणाला दिसणार नाही अशा बाजूनं दिलात.

नंतर मी नांदेडला आलो. दर रविवारी फोन ठरलेला. तुम्ही "काय म्हनतंय अर्धापूर" म्हणून सुरुवात करायचा आणि कुठल्या तरी उंच पोराची बातमी द्यायचा. मी कुठल्या तरी बुटक्या पोराची द्यायचो. तुमची निम्मी उंच पोरं क्लासला गेली. एक पोलिसात गेला. एकीचं लग्न ठरलं आणि सासरच्यांनी आधी उंचीच विचारली. मी हे मोजून दाखवायचो. तुम्ही म्हणायचा, "गेले ना? म्हंजी त्यांना बाजारात भाव हाय. तुझ्या गार्डला कोन इचारतंय? म्हनून ते आपल्याकडं राहतात."  

त्या शेवटच्या रविवारचा फोन जसा झाला तसा देतो.

"अर्धापूर, किल्लारी सापडली."

"काय सापडली?"

"पोरगी रे. शिवकन्या नाव हाय. दारातून वाकून भाईर आली. चौकटीला कपाळ लागतंय. बाप क्लासचं म्हनत होता, मी म्हनलो क्लास लातुरातच हाय, दोन्ही करंल. वसतिगृहात एकच जागा हाय, तिला दिली."

"तिला चेंडू कोण देणार?"

"झालं सुरू तुझं."

"सर, हिमायतनगरला या. आफरीन म्हणून मुलगी आहे, खो-खो खेळत होती. तालुक्याच्या स्पर्धेत बास्केटबॉल खेळताना बघितली. मान न वळवता पास देते."

"न बघता देते म्हंजी चुकून देते."

"चुकून एकदा जातो. सारखा जात नाही."

"किती हाय?"

"काय किती?"

"एत्तर."

"माझ्या खांद्याला लागते."

"तुझ्या खांद्याला? बसून का उभी राहून?"

"तुम्ही या आणि बघा."

"जागा एक हाय, दोन न्हाईत. बघून काय करू?" मग म्हणालात, "बरं, पुढच्या रविवारी येतो. पन आधी चपला बघनार."

"चपला बघू नका. तुम्हाला चपला कळत नाहीत."

तुम्ही हसलात. हसता हसता खोकला लागला. "ठेव फोन, पत्रकार," म्हणालात. पत्रकार तुम्ही मला पहिल्यांदाच म्हणालात. का, ते विचारायचं राहिलं. मंगळवारी तुम्ही गेलात.

गुरुवारी कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. तुमचा फोटो कुणी निवडला माहीत नाही. त्यात तुम्ही टाय लावला आहे आणि कुणालाही ओरडायच्या बेतात दिसत नाही. भाषणं झाली. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी सांगितलं की शिवकन्याची निवड ही सरांची शेवटची इच्छा असून यापुढं संघात उंच मुलींनाच घेऊन सरांचं स्वप्न पूर्ण केलं जाईल. त्यांच्यानंतर एक माजी खेळाडू बोलले. माझ्यासारखेच गार्ड होते. डोळे पुसत म्हणाले की सरांनी शेवटी शेवटी खासगीत मान्य केलं होतं, खरा खेळ गार्डचाच.

शोकसभेत कुणी कुणाला खोडत नाही. मी उठलो आणि म्हणालो की दोन्ही विधानं चूक आहेत. सरांची शेवटची इच्छा पुढच्या रविवारी हिमायतनगरला जायची होती. आणि त्यांनी काहीही मान्य केलेलं नव्हतं, खासगीत नाही आणि उघडही नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत तरी नाही; त्यानंतरचं कुणाकडं असेल तर सांगावं. सभागृहात कुजबुज झाली. मागून कुणीतरी "वेळ काय, बोलून काय राहिले हे" असं म्हणालं. तुमच्या बाजूनं, माझ्या स्वतःच्या मताविरुद्ध, मी तिथं उभा होतो. तुम्ही हरला होता असं कुणी म्हटलेलं मला चालणार नाही. हरवायचं तर मी हरवीन. तुम्ही गेलात म्हणून मला जिंकल्याचं कुणी सांगू नये.

बाहेर पायऱ्यांवर सुनीता मॅडमनी विचारलं, "ती हिमायतनगरची पोरगी खरंच हाय का, का सभेपुरती काढलात?"

"आहे."

"मग सरांना जायचं होतं त्याच रविवारी तिला इकडं आना. मी बघते. पन जागा एकच हाय, भाऊ. आधीच सांगून ठेवते."

रविवारी सकाळी आफरीन तिच्या आईबरोबर नांदेडला बसनं आली आणि तिथून आम्ही तिघं लातूरला आलो. आईनं वाटेत एकच प्रश्न विचारला, वसतिगृहाच्या खिडक्यांना जाळी आहे का. मला माहीत नव्हतं. फोन करून विचारलं. आहे.

शिवकन्या मैदानावर आधीच होती. तुम्ही खोटं सांगितलं नव्हतं. चेंडू तिनं उडी न मारता वरून काढला. सुनीता मॅडमनी दोन संघ केले. आधी दोघींना समोरासमोर ठेवलं. शिवकन्या बास्केटखाली हात वर करून उभी राहिली आणि उभीच राहिली. तिच्या संघातल्या मुली बाहेरच चेंडू फिरवत होत्या; आत गेलेला एक तिच्या गुडघ्याला लागला, एक मागून निघून गेला. पलीकडं आफरीन दोनदा तिच्या हाताखालून पळून गेली आणि दोन्ही वेळा तिनं मारलेला चेंडू शिवकन्यानं अडवला. हे तुमच्या बाजूचं आहे, म्हणून लिहिलं.

मग मॅडमनी दोघींना एका संघात घातलं. आफरीनचा पहिला पास मला दिसला नाही. शिवकन्यालाही दिसला नसावा, कारण चेंडू हातात आल्यावर तिनं आधी चेंडूकडं बघितलं आणि मग टाकला. दुसऱ्या वेळी ती तयार होती. तिसऱ्या वेळेपासून ती हसायला लागली.

"ए, तू कसं देतीस गं?" तिनं पाणी पिताना विचारलं.

"तू किदर जाती वो दिखता ना," आफरीन म्हणाली. "इतनी लंबी है, नहीं कैसे दिखेंगी?"

सराव संपल्यावर मॅडमनी सगळ्यांना बसवलं. आफरीनला म्हणाल्या, चांगली खेळलीस, पुढच्या वर्षी नक्की. आफरीननं मान हलवली आणि बूट सोडायला लागली. बूट कॉलेजचे होते.

शिवकन्या उभी राहिली. "मॅडम, ही कुठं जानार?"

"घरी. जागा एकच हाय, तुला दिलीय ना सरांनी."

"मग मीबी जाते."

"कुठं?"

"क्लासला. पप्पाला तेच पायजे. त्यांना लई आनंद होईल."

"अगं, सरांनी स्वतः तुझ्या गावाला येऊन तुला निवडलं. शेवटची निवड हाय त्यांची."

"सर तर गेले की, मॅडम." ती हे रागानं म्हणाली नाही. "मला बॉल कोन देनार?"

 मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी तुमच्या खुर्चीकडं बघितलं. ती कुणी अजून हलवली नव्हती.

तुम्ही असता तर काय म्हणाला असता, ते मला माहीत आहे. म्हणाला असता, "बघ अर्धापूर, शेवटी ठरवलं कुनी? उंच पोरीनं. तिच्या जान्याची धमकी चालते. बुटकी गेली असती तर बस पकडून दिली असती तुम्ही तिला." आणि हे खरं आहे. मी म्हणालो असतो की उंच पोरीनं एवढा जोर लावून मागितलं काय, तर गार्ड. हेही खरं आहे. तुम्ही म्हणाला असता, "मागायला आधी ती असावी लागती." मी म्हणालो असतो, ती राहिली कुणामुळं? असं आपण पुढच्या कित्येक रविवारी चालवलं असतं.

मी अजून चालवतो आहे. तुमच्या मुद्द्यांची उत्तरं शोधतो आहे, काही सापडली आहेत. ती ऐकायला तुम्ही नाही, याची मला चीड आहे. अर्ध्या वाक्यावर फोन ठेवायचा आणि परत करायचा नाही, हे तुम्ही याआधी कधी केलं नव्हतं.

सोमवारी सुनीता मॅडम संस्थेत गेल्या आणि संघाच्या खोलीत तिसऱ्या खेळाडूला ठेवण्याची परवानगी मागितली. एका पदाधिकाऱ्यांनी विचारलं, सरांच्या काळात असं कधी झालं होतं का. मॅडमनी सांगितलं, चुकून घेतलेलं पोरगंसुद्धा सरांनी परत पाठवलं नव्हतं. बुधवारी परवानगी मिळाली.

शिवकन्या गुरुवारी आली. खोलीत दोन कॉट होत्या. एकीवर जुनी खेळाडू आहे. दुसरी, खिडकीजवळची, शिवकन्यानं घेतली आणि पायांसाठी पुढं स्टूल लावलं. तिसरी कॉट संस्थेकडं शिल्लक नव्हती. मुलांच्या वसतिगृहाच्या अडगळीत एक सापडली. गंज होता, तो घासून काढण्यात आला.

शुक्रवारी दुपारी ती लांब कॉट मुलींच्या वसतिगृहात, दाराकडच्या भिंतीला लावण्यात आली. शिवकन्यानं खिडकी सोडली नाही. संध्याकाळी आफरीन आईबरोबर पोचली. आईनं खिडकीची जाळी हलवून बघितली. आफरीननं गादी टाकली, आडवी होऊन बघितलं, आणि पायांच्या पुढं उरलेल्या जागेत आपली बॅग ठेवली.